मस्टर आणि माळ

नोकरी करणाऱ्या ख्रिस्ती माणसाची भक्ती हा मुळात वेळापत्रकाचा विषय आहे. श्रद्धेचा प्रश्न त्यानंतर येतो, आणि तोही बहुधा सुट्टीच्या दिवशी. या विषयाचा अभ्यास करायला वसईइतकी सोयीची जागा नाही. पोर्तुगीज अंमल इथे १५३४ ते १७३९ असा दोनशे वर्षे होता. चिमाजी अप्पांनी तो संपवला, तरी चर्चची घंटा राहिली. पहाटे, दुपारी बाराला आणि तिन्हीसांजेला ती वाजली की वाडीत केळीला पाणी देणारा माणूस फावडे टेकवून अँजेलसची प्रार्थना म्हणे. त्याचा नातू आता चर्चगेटला बँकेत आहे. दुपारी बाराला त्याच्या काउंटरसमोर रांग असते आणि संध्याकाळी तो विरार फास्टच्या दारात असतो, जिथे दोन्ही हात जोडणे जिवाला परवडत नाही.

अशा भक्ताने मार्गदर्शनासाठी बायबल उघडले तर सुरुवातीला थोडी निराशा होते. पेत्राने जाळी टाकली आणि तो निघाला. मत्तय जकातनाक्यावरून उठला आणि निघाला. दोघांनीही नोटीस पीरियड भरल्याचा उल्लेख नाही. वसईचे स्वतःचे संत गोन्सालो गार्सिया यांचीही तीच गत. जपानात त्यांचा व्यापार चांगला चालला होता. तो सोडून ते मनिलात फ्रान्सिस्कन बंधू झाले, १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर गेले आणि १८६२ मध्ये संत म्हणून जाहीर झाले. गृहकर्जाचे हप्ते चालू असलेल्या माणसाने त्यांच्या प्रतिमेपुढे मेणबत्ती लावावी, अनुकरणाचा विचार कर्ज फिटल्यावर करावा. त्यातल्या त्यात जवळचे वाटतात ते संत पौल. ते करिंथला तंबू बनवून पोट भरत आणि उरलेल्या वेळात धर्मप्रसार करत. पण त्यांना बायोमेट्रिक हजेरी नव्हती.

मार्था आणि मरिया या बहिणींची गोष्ट तर नोकरदार स्त्रियांपुढे जपूनच सांगावी. येशू घरी आला, मार्था स्वयंपाकात राबत राहिली, मरिया त्याच्या पायाशी ऐकत बसली. आणि मार्थेने तक्रार केली तेव्हा येशूने मरियेची बाजू घेतली. दरवर्षी या उताऱ्यावर सुंदर प्रवचन होते. पहाटे उठून दोन डबे भरून, मुलांना शाळेच्या रिक्षात बसवून, दिवसभर ऑडिटच्या फायली उपसून आलेली बाई ते शांतपणे ऐकते आणि चर्चबाहेर पडल्यावर एवढेच विचारते, ‘मग त्या दिवशी जेवण केलं कुणी?’ या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर अजून कुठल्या प्रवचनात आलेले नाही.

चर्चला ही अडचण कळत नाही असे मात्र नाही. फ्रान्सिस द सेल्स या बिशपांनी १६०९ मध्ये भक्तिजीवनावर जे पुस्तक लिहिले ते संन्याशांसाठी नव्हते, संसारी आणि कामकरी माणसांसाठी होते. कारागीर दिवसभर चर्चमध्ये बसू लागला तर ती भक्ती हास्यास्पद होईल. ज्याने त्याने आपला व्यवसाय सांभाळून जमेल तशी भक्ती करावी, असे त्यांनी सांगितले. यातला ‘जमेल तशी’ हा भाग भाविकांनी विशेष मनावर घेतला.

जमेल तशा भक्तीचे मुख्य केंद्र म्हणजे लोकल. पूर्ण माळ म्हणजे पाच दशके. त्यात नमो मरिया ५३ वेळा येते आणि घाई न करता सगळे म्हणायला वीसेक मिनिटे लागतात. वसई रोडहून सुटलेल्या फास्ट गाडीला बोरिवलीही साधारण तेवढ्याच वेळात येते. ही रचना रेल्वेने मुद्दाम केली असावी असे मानणारे भाविक आहेत. रेल्वेचा एकंदर कारभार पाहता तसे मानायलाही मोठी श्रद्धा लागते. नायगावपर्यंत मन एकाग्र होते. खाडीवरच्या पुलावर शेजारचा प्रवासी निर्माल्याची पिशवी घेऊन दाराकडे सरकतो, तेव्हा तिसरे दशक की चौथे हा पहिला घोळ होतो. पलीकडे भजनी मंडळींचे टाळ सुरू झालेले असतात आणि नमो मरियेला नकळत विठ्ठलाचा ठेका लागतो. त्यात कुणाला वावगे वाटत नाही, गाडी सगळ्यांचीच आहे. माळ हातात धरायला जागा नसेल तर बोटांच्या पेरांवर मोजतात. तीही बोटे कुणाच्या बॅगेखाली अडकली की पुढची मोजणी विश्वासावर चालते. मंगळवारी आणि शुक्रवारी माळेसोबत येशूच्या दुःखाची रहस्ये असतात. बोरिवलीची गर्दी आत शिरताना ती म्हणणाऱ्याला चिंतनाला वेगळा विषय शोधावा लागत नाही. गुरुवारची प्रकाशाची रहस्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००२ मध्ये घातली. जुन्या वळणाच्या आज्यांनी ती अजून पूर्ण मान्य केलेली नाहीत.

रविवारच्या मिस्साबाबत तर चर्चने सवलतींची रांगच लावली आहे. पूर्वी मिस्सा सकाळीच होई आणि ख्रिस्तप्रसाद घेणाऱ्याने आदल्या मध्यरात्रीपासून काही खायचे नसे. पोप बारावे पायस यांनी १९५३ मध्ये संध्याकाळच्या मिस्साला वाट मोकळी केली, १९५७ मध्ये उपवास तीन तासांवर आणला. पोप सहावे पॉल यांनी १९६४ मध्ये तो एका तासावर आणला. आता शनिवारी संध्याकाळचा मिस्साही रविवारचा म्हणून चालतो. शिफ्टवाल्यांची त्यामुळे मोठी सोय झाली. पण उपवासाचा हा एक तास मिस्सा सुरू होण्यापासून मागे मोजायचा नसतो, ख्रिस्तप्रसाद घेण्याच्या क्षणापासून मोजायचा असतो, हे ज्यांच्या ध्यानात आले त्यांनी पुढचे गणित केले. स्टेशनबाहेर सहा चाळीसला वडापाव, सातचा मिस्सा, आणि फादरांचे प्रवचन जरा लांबले तर उपवास नियमात बसतो. लांब प्रवचनासाठी मनापासून प्रार्थना करणारा चर्चमधला एकमेव गट तो हाच.

इतक्या सवलती देऊनही माणूस मिस्साला उशिराच येतो, आणि पूर्वी जेवढा उशीर करी तेवढाच आजही करतो. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठाच्या नियमावलीत यावर एक आख्खे प्रकरण लिहिले. रात्रीच्या प्रार्थनेचे सुरुवातीचे स्तोत्र मुद्दाम सावकाश म्हणावे, म्हणजे मागे राहिलेल्यांना गाठता येईल, अशी त्यांची सूचना आहे. त्यानंतर येणाऱ्याने सर्वांच्या शेवटी किंवा वेगळे उभे राहावे, लाज वाटली तर सुधारेल. त्याला बाहेर मात्र ठेवू नये, कारण तिथे तो पुन्हा झोपेल किंवा गप्पा मारत बसेल. बेनेडिक्ट इटलीबाहेर गेल्याचे ऐकिवात नाही. तरीही चर्चच्या आवारात झाडाखाली उभे राहून, प्रवचन संपेपर्यंत जमिनीच्या भावांवर बोलणारी पुरुषमंडळी त्यांना नेमकी ठाऊक होती.

बुधवारी माहीमला वेगळी व्यवस्था आहे. सेंट मायकल चर्चमध्ये निरंतर साहाय्य करणाऱ्या मातेचा नोव्हेना, म्हणजे सलग नऊ बुधवारांची प्रार्थना, १९४८ पासून चालतो, आणि सकाळपासून रात्रीपर्यंत निरनिराळ्या वेळांना, निरनिराळ्या भाषांत. त्यामुळे ऑफिसचे निमित्त इथे लागू पडत नाही, उलट ऑफिसलाच निमित्त सांगावे लागते. सलग नऊ बुधवार दुपारी ‘क्लायंटकडे’ जाणाऱ्या माणसाची नवव्या आठवड्यात त्या क्लायंटबद्दल चौकशी होते. रांगेत सगळ्या धर्मांची माणसे असतात, आणि त्यात कधीकधी साहेबही भेटतात. मग दोघेही मेणबत्त्यांकडे पाहतात.

खरी कसोटी मात्र प्रायश्चित्तकाळाची. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिलच्या दरम्यान येत असल्याने त्याआधीचे चाळीस दिवस नेमके मार्चअखेरच्या हिशेबात सापडतात. राखेच्या बुधवारी सकाळी कपाळावर राख लावून ऑफिसात गेलेल्या माणसाला दुपारपर्यंत तीन सहकारी रुमाल पुढे करतात. २०२४ मध्ये हा बुधवार १४ फेब्रुवारीला आला, तेव्हा नवविवाहितांना संध्याकाळचा कार्यक्रम ठरवताना बरेच धर्मचिंतन करावे लागले. उपवास आहे म्हटले की कॅन्टीनवाला प्रेमाने साबुदाण्याची खिचडी आणतो. तिच्यातले तूप पाहता प्रायश्चित्त नक्की कशाचे, हे ठरवणे कठीण होते. शुक्रवारी मांस वर्ज्य असते, मासे चालतात. हा नियम किनाऱ्यापासून दूरच्या लोकांना जाच वाटत असेल. वसईत पापलेट खाऊन देहदंड भोगला असे म्हणताना जीभ थोडी अडखळते. त्याच वर्षी ईस्टर ३१ मार्चला, म्हणजे आर्थिक वर्षाच्या शेवटच्या रविवारी आला आणि सरकारी व्यवहार सांभाळणाऱ्या बँका त्या दिवशी उघड्या ठेवायला रिझर्व्ह बँकेने सांगितले. प्रभूचे पुनरुत्थान आणि सरकारी भरणा एकाच दिवशी पार पडले. पवित्र सप्ताहात पापांच्या कबुलीसाठी लागलेल्या रांगेतही तीच लगबग होती. वर्षाची थकबाकी दोन्हीकडे शेवटच्या चार दिवसांतच आठवते.

या सगळ्यावर ‘रिटायर झालो की निवांत’ हा उपाय सर्वमान्य आहे, आणि वयाच्या अठ्ठावन्नाव्या किंवा साठाव्या वर्षी तो अमलात येतो. पहिला महिना रोज सकाळी मिस्सा होतो. दुसऱ्या महिन्यात फादरांच्या लक्षात येते की या गृहस्थांना हिशेब येतो, इंग्रजी पत्रे लिहिता येतात आणि वेळही आहे. त्यांना चर्चच्या आर्थिक समितीवर घेतात, मग सणाच्या समितीवर, मग छप्पर दुरुस्तीच्या. सभा संध्याकाळी सातला, माळेच्या वेळेवर असते. इतिवृत्त तेच लिहितात, आणि घरून फोन आला तर हळू आवाजात सांगतात, ‘तुम्ही सुरू करा, मी मीटिंगमध्ये आहे.’