सुमोखालचे मालक

सोलापुरात ‘मालक’ व्हायला कशाचीही मालकी लागत नाही. रिक्षावाला प्रवाशाला मालक म्हणतो, पानवाला दोघांनाही. पण जुळे सोलापुरातल्या एखाद्या गल्लीत रविवारी सकाळी जुन्या सुमोखालून दोन पाय बाहेर आलेले दिसले, तर ते पाय अस्सल मालकाचे समजावेत.

सुमो १९९४ साली आली. टेल्कोचे सुमंत मूळगावकर यांच्या नाव-आडनावाची सुरुवातीची इंग्रजी अक्षरं जोडून तिचं बारसं झालं. मराठीतून जोडली असती तर गाडीचं नाव ‘सुमू’ पडलं असतं आणि तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूरच्या वाऱ्यांना दहा-दहा माणसं कोंबायला कुणी धजावलं नसतं. २०१९ला तिचं उत्पादन थांबलं. मालकांना ही बातमी पोचली आहे, पटलेली नाही.

सगळ्याची सुरुवात आवाजाने होते. स्पीडब्रेकरवर पुढच्या डाव्या चाकाखाली ‘ठक’ होतं. बायकोला ऐकू येत नाही, मुलीला ऐकू येत नाही. मालक काचा खाली करतात, गाणं बंद करतात, पंखा बंद करतात आणि तोच स्पीडब्रेकर चारदा ओलांडतात. भर मे महिन्यात, दुपारी. चौथ्यांदा बायको म्हणते, “हो, येतोय आवाज.” तिला फक्त घरी जायचं असतं.

गॅरेजला गाडी द्यायची नाही, हे ठरलेलंच. मजुरी वाचते म्हणून, असं मालक सांगतात. वाचलेल्या मजुरीतून त्यांनी आजवर दोन जॅक, चार घोड्या आणि एक टॉर्क रेंच घेतला आहे. त्याचा हिशेब कुणी विचारत नाही.

रविवारी सहाला काम सुरू होतं, कारण दहानंतर सोलापुरी ऊन पान्यालाही हात लावू देत नाही. जमिनीवर सोलापुरी चादर अंथरली जाते. ती रुखवतातली आहे, हे मालकांना ठाऊक नाही. भाचा बॅटरी धरून उभा. “चाकावर धर बे, तोंडावर काय धरतोस!” हे वाक्य तासात वीसदा होतं.

या जुन्या सुमोच्या पुढच्या चाकांना गुंडाळीची स्प्रिंग नाही. तिथे एक लांब पोलादी सळई असते. चाक वर उचललं की तिला पीळ बसतो आणि त्या पिळाच्या जोरावर ती चाक परत खाली दाबते. मागावर आयुष्य काढलेल्या शेजारच्या आजोबांना हे एका वाक्यात कळलं. पिळाचं काम त्यांना काय नवीन! चाकाला धरणारा आर्म काढण्याआधी सळईचा ताण उतरवावा लागतो आणि बोल्ट कुठवर होता त्याची खूण ठेवावी लागते, नाहीतर गाडी एका अंगाला कलंडून उभी राहते. खुणेसाठी मालक मुलीचं नेलपॉलिश वापरतात. गुलाबी.

मग बॉल जॉइंट. त्याची निमुळती दांडी वर्षानुवर्षं गंजून जिथे बसली तिथेच मुक्काम करते. नवशिका दांडीच्या टोकावर हातोडा मारतो आणि आटे बिघडवून बसतो. मालक तसं करत नाहीत. ते नट थोडा ढिला करून तसाच ठेवतात, दांडी ज्या भोकात अडकलीय त्याच्या कडेला एक हातोडा टेकवतात आणि समोरून दुसरा हाणतात. पाच, सहा, सात. एवढ्यात गल्ली जमते. एक जण डिझेल टाका म्हणतो, एक जण नारळ फोडा म्हणतो. अकराव्या घावाला जॉइंट ‘टक्’ करून सुटतो आणि मालक गाडीखालून असे बाहेर येतात, जणू गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज पेलून आलेत.

आर्मचे रबरी बुश बसवताना मात्र ते कुणाचं ऐकत नाहीत. गाडी अधांतरी असताना बोल्ट आवळला तर गाडी खाली उतरताच रबराला कायमचा पीळ पडतो आणि ते लवकर फाटतं. म्हणून गाडी चाकांवर उभी करायची, मग शेवटचा पाना. हे तत्त्व ते भाच्याला, आजोबांना आणि दूधवाल्याला स्वतंत्रपणे समजावतात. दूध उतू जातं, तेही यांच्याच घरचं.

स्टिअरिंगचा टाय रॉड एंड काढताना त्यांनी आटे मोजले होते: साडेचौदा. नवा तेवढाच फिरवला. तरी अलाइनमेंटला मशीन लागतंच. तिथे मालकांचं काही चालत नाही. दुकानात ते ऑपरेशन थिएटरबाहेरच्या नातेवाइकासारखे येरझारा घालतात. मशीनवरचा पोरगा गाडीखाली वाकतो.

“समोरचं कुणी केलं, मालक?”

“का?”

“बरं बसवलंय.”

मालक उगाच रस्त्याकडे बघतात. पोरगा मागे सरकतो, स्प्रिंगच्या पाट्याला हलवून बघतो. “मागचे पाट्याचे बुश गेलेत पण. आवाज यायला नाही का?”

मालकांनी खिशातून फोन काढून घरी लावलाही आहे.

“ऐक, ती चादर भिजत घातलीस का? नाही ना? मग राहू दे.”