धुराची तडीपारी

दिल्लीतली डिझेल मोटार दहा वर्षांची झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यात नेमका काय बिघाड होतो, हे आजवर एकाही मेकॅनिकला सांगता आलेलं नाही. इंजिन तेच, धूर तेवढाच, पीयूसीही ताजी. पण राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना राजधानी क्षेत्रात मज्जाव केला, पेट्रोलवाल्यांसाठी पंधरा वर्षांची मर्यादा होतीच, आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. मालकापुढे मार्ग उरले दोन: भंगार किंवा गाडी क्षेत्राबाहेर नेण्यासाठी ना-हरकत प्रमाणपत्र. यातलं दुसरं म्हणजे आपल्या ओळखीची तडीपारीच. दोन जिल्ह्यांतून हद्दपार केलेला दादा तिसऱ्या जिल्ह्यात जाऊन जसा उजळ माथ्याने वावरतो, तशीच ही मोटार. राजधानी क्षेत्रात राजस्थानातले अलवर आणि भरतपूर मोडतात, शेजारचा दौसा मोडत नाही. म्हणजे अलवरमध्ये जी विषारी, ती हद्द ओलांडून दौशात शिरली की धडधाकट. महाराष्ट्रात आली तर आणखीच बरं. इथे पंधरा वर्षं पुरी झाली तरी तपासणी करून, पर्यावरण कर भरून नोंदणी पाच वर्षांनी वाढवून मिळते. दिल्लीकराच्या फुप्फुसाला जे सोसत नाही ते धुळेकराच्या फुप्फुसाला कर भरल्यावर सोसतं, असं वैद्यकशास्त्र म्हणत नाही. परिवहन खात्याचं शास्त्र म्हणतं.

हे खूळ दिल्लीपुरतं नाही आणि नवंही नाही. एप्रिल २०१० मध्ये बीएस-४ हे उत्सर्जनाचं मानक आलं ते देशातल्या तेरा शहरांत. मुंबई, पुणे त्यात होतीच, आणि सोलापूरही होतं. बाकीच्या देशाला बीएस-३. आता सोलापूरकरांनी या मानाबद्दल कुणाचे आभार मानावेत हे त्यांनी ठरवावं. पण नवी मोटार किती स्वच्छ असावी, हे सात वर्षं घेणाऱ्याच्या पत्त्यावर ठरत होतं. त्यातही राष्ट्रीय परवान्याच्या मालमोटारींना सूट होती, कारण वाटेतल्या पंपांवर तसलं डिझेलच मिळत नव्हतं. कारण खरं होतं, पण परिणाम असा की शहरात राहणाऱ्या छोट्या मोटारीने सोवळं पाळायचं आणि रात्री नाक्यावरून आत येणाऱ्या दहाचाकीने हवं ते करायचं. कोलकात्याची तऱ्हा निराळी. तिथे उच्च न्यायालयाच्या २००८ च्या आदेशाने पंधरा वर्षांवरच्या व्यावसायिक वाहनांना महानगर क्षेत्रातून बाहेर काढलं. बाहेर म्हणजे कुठे? तर जिल्ह्यांत. जिल्ह्यांना कुणी विचारलं नाही.

स्थळाचं झालं, आता काळाचं ऐका. २९ मार्च २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिलपासून बीएस-३ वाहनांच्या विक्रीला बंदी केली. पुढचे दोन दिवस शोरूमबाहेर रांगा, दुचाक्यांवर हजारोंची सूट. ३१ मार्चला विकलेली गाडी कायदेशीर, तिच्या शेजारी उभी असलेली तिची जुळी बहीण दुसऱ्या दिवशी बेकायदा. धूर दोघींचा सारखाच.

यावर एक आक्षेप येईल आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दिल्लीला समुद्र नाही, हिवाळ्यात थंड हवा खाली बसते आणि धूर तिथेच कोंडतो. मुंबईला निदान खारे वारे आहेत. मग जिथे दुखणं मोठं तिथे औषध कडक नको का? हवंच. प्रदेशानुसार नियम वेगळे असायला माझी हरकत नाही. हरकत आहे ती वेगळेपणा कशात ठेवला याला. कडक करायचंच तर धुराची मर्यादा कडक करा, तपासणी अधिक वेळा घ्या. पण आपण कडक केलं गाडीचं वय. नऊ वर्षांत तीन लाख किलोमीटर पळालेली टॅक्सी तरुण, आणि रविवारी देवळापर्यंत जाऊन येणारी अकरा वर्षांची डिझेल मोटार म्हातारी. डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांना वयाच्या कारवाईतून वगळलं, म्हणजे जन्मतारखेवरून गाडी निदान घराण्यापर्यंत आली. नळकांड्यापर्यंत अजून यायची आहे.

नळकांड्यापाशी काय चालतं ते जरा जवळून पाहू. पंपाच्या कोपऱ्यात हिरव्या अक्षरांची व्हॅन. गाडी उभ्या जागीच चालू ठेवायची, नळी नळकांड्यात खुपसायची, नंबरप्लेटचा फोटो, की आलं प्रमाणपत्र. पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजायचा, डिझेलचा फक्त धुराचा काळेपणा. ज्या पीएम २.५ आणि नायट्रोजन ऑक्साइडांवरून हिवाळाभर मथळे होतात, ते या तपासणीत नाहीतच, आणि हे काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत समान. म्हणजे या देशात पीयूसीच्या नियमांत एकात्मता आहे, ती न मोजण्याच्या बाबतीत. जे मोजतात त्याची कथा ‘कॅग’ने सांगितली आहे. दिल्ली विधानसभेत २०२५ साली मांडलेल्या अहवालानुसार २०१५ ते २०२० या काळात १.०८ लाख गाड्यांचं उत्सर्जन मर्यादेबाहेर असूनही त्यांना उत्तीर्ण केलं गेलं. यंत्राने नापास म्हटलं, कागदाने पास. कागद मोठा.

दुसरा आक्षेप गरिबाच्या नावाने येतो: खरी तपासणी लावली तर रिक्षावाला, टेम्पोवाला मरेल. पण आजचा वयाचा नियम काय करतो? ज्याला नवी गाडी परवडते तो जुनी परराज्यात विकून मोकळा होतो. ज्याने ती तिथे विकत घेतली तोच गरीब आणि धूरही त्याच्याच गल्लीत. उलट खऱ्या मोजणीत निगा राखलेला जुना टेम्पो सुटण्याची शक्यता तरी असते. आणि सगळ्या देशाला एकच नियम झेपत नाही म्हणणाऱ्यांनी एप्रिल २०२० आठवावा. नव्या गाड्यांना बीएस-६ ची सक्ती एकाच वेळी देशभर झाली, तेरा शहरांची यादी न काढता.

१ जुलै २०२५ रोजी दिल्लीच्या पंपांवर कॅमेरे लावून जुन्या गाड्यांचं इंधन तोडलं गेलं. तीन दिवसांत दिल्ली सरकारनेच हात जोडले: कॅमेरे नीट चालत नाहीत, आणि शेजारच्या राज्यांत हा नियम लागू नसल्याने लोक हद्दीपलीकडे जाऊन टाकी भरतील. जो युक्तिवाद नागरिकांनी करायचा तो सरकारने स्वतःच केला, याबद्दल त्याचं कौतुक करायला हवं. त्याच वर्षी महाराष्ट्राच्या परिवहनमंत्र्यांनीही ‘पीयूसी नाही तर इंधन नाही’ अशी घोषणा केली. पंपावरच्या पोराला त्याची अडचण वाटायचं कारण नाही. तो नोझल परत अडकवेल आणि कोपऱ्यातल्या व्हॅनकडे बोट दाखवेल. दुचाकीचे पन्नास रुपये सुटे असले म्हणजे झालं.