टाळ खाली ठेवून

अमेरिकेत न्हाव्याच्या दुकानात नंबर लागेपर्यंत माणसं चार आवाजांत गात बसायची आणि त्यातून एक गानप्रकारच उभा राहिला, असं आमच्या चाळीसगावातल्या सलूनमध्ये सांगितलं तर कात्री थांबेल. आमच्याकडे नंबर लागेपर्यंत कापसाचा भाव आणि धुळ्याच्या गाडीचा उशीर यांवर बोलायची रीत आहे. खरं तर या धंद्याचं गाण्याशी नातं आपल्याकडे फार जुनं. धोकटीतला आरसा न् चिमटा अभंगात आणणारे सेना महाराज नाभिकच होते, आणि त्यांचं एक पद शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबातही आहे. श्रावण वद्य द्वादशीला त्यांची पुण्यतिथी असते. आमच्या भजनी मंडळातला खर्जाचा बुलंद आवाज एका सलूनवाल्याचाच आहे. त्या दिवशी तो वस्तऱ्याला हात लावत नाही.

तिकडच्या त्या ‘बार्बरशॉप’ गाण्याची मुळं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला कृष्णवर्णीयांच्या चौकडी-गाण्यात आहेत. पुढे तो प्रकार मागे पडत चालला, तेव्हा १९३८ मध्ये टल्सा शहरात ओवेन कॅश नावाच्या करवकिलाने रूपर्ट हॉल या मित्रासह हौशी गायक गोळा केले. वकिलाला एवढी सवड कशी मिळाली, हे कळत नाही. या गाण्यात वाद्य नाही. सुरुवातीला एक स्वर फुंकून घ्यायचा, की पुढे चौघे आणि त्यांचं नशीब. मुख्य चाल लीडकडे, तिच्या वर टेनर, तळाला बेस. बॅरिटोनच्या वाट्याला उरलेसुरले स्वर. त्याला एकट्याला गायला लावलं तर गाणं कोणतं, ते त्याच्या बायकोलाही ओळखता यायचं नाही. पण तो गप्प बसला की बाकी तिघे उघडे पडतात.

आमच्या मंडळात बॅरिटोन व्हायला कुणी तयार होणार नाही. सगळेच लीड. पेटी काळी चारला लागली की ज्याचा आवाज काळी एकच्या वर जात नाही तोही टीप धरतो, मानेच्या शिरा ताठ करून. एकट्याने कला करण्याचं गावात उदाहरणही मोठं आहे. केकी मूस यांनी स्टेशनजवळच्या बंगल्यात पन्नासेक वर्षं जवळजवळ स्वतःला कोंडून घेऊन छायाचित्रकला केली आणि गावाचं नाव केलं. पण पंधरा जणांच्या भजनात पंधरा केकी मूस बसले तर पखवाजवाल्याने बघायचं कुणाकडे?

हे दुखणं आमच्या पेटीमास्तरांनी ओळखलं. एका गुरुवारी ते म्हणाले, “आज टाळ खाली.” टाळाशिवाय भजन म्हणजे बिनमिठाची कळण्याची भाकर, अशा नजरेने सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग मास्तरांनी पेटीही मिटली, पखवाजावर ओढणी टाकली आणि एकच ओळ म्हणायला लावली, हळू, शेजारच्याचा आवाज आपल्यापेक्षा मोठा ऐकू येईल इतकी हळू.

टाळांखाली काय काय लपलं होतं ते तेव्हा बाहेर आलं. ‘माउली’ म्हणताना निम्मे ‘मा’वर रेंगाळत होते आणि निम्मे ‘ली’ला पोचून वाट बघत होते. श्वास सगळे एकाच ठिकाणी घेत, त्यामुळे ओळीच्या मध्यावर खड्डा पडे. आमच्यात एक निवृत्त गार्ड आहेत. जन्मभर गाड्या वेळेवर सोडल्याचा त्यांना अभिमान. लय मात्र दर कडव्याला पुढे पळवतात. स्वर चढवताना ते शेजाऱ्याकडे असे बघतात, की सलूनवाल्याने शेवटी अहिराणीत विचारलं, “भाऊ, तू गाई ऱ्हायना का भांडी ऱ्हायना?”

मास्तरांचे उपाय साधे होते. श्वास पाळीपाळीने घ्यायचा. शेजारी घेत असेल तर आपण थांबायचं. स्वर लांबवायचा तो आकारावर, ईकारावर, आणि सगळ्यांच्या तोंडाचा आकार एक. टीप फक्त दोघांनी धरायची, बाकीच्यांनी खाली राहायचं. गोल बसायचं, म्हणजे तोंडं एकमेकांकडे होतात आणि भाव खायला समोर कुणी उरत नाही. शेवटचा नियम सर्वांत जड गेला.

यामागे नुसती शिस्त नाही. तानपुरा उत्तम लागला की खर्जाच्या तारेतून कुणी न छेडलेला गंधार ऐकू येतो. तो त्या तारेचा पाचवा उपस्वर. बार्बरशॉपवाले याच्याच मागे असतात. चार आवाज नेमके जुळले, स्वरवर्णही एक झाला, की उपस्वर एकमेकांवर बसतात आणि कुणीच न गायलेला एक स्वर वर झणझणतो. पेटीचा गंधार त्या शुद्ध गंधारापेक्षा अर्ध्या स्वराच्या साधारण सातव्या हिश्श्याने चढा असतो. म्हणून मास्तरांनी स्वतःची पेटी मिटली. पेटीवाल्याने स्वतःची पेटी मिटणं हा त्याग मी तरी दुसरीकडे पाहिलेला नाही.

आमचं गाणं चार स्वरांचं नाही, एकाच चालीचं, वर-खाली सप्तकातलं. झणझणाट आमच्या वाट्याला क्वचितच येतो. त्या गुरुवारी शेवटच्या आवर्तनात क्षणभर पंधरांचा एक आवाज झाला खरा. गार्डसाहेबांनी लगेच मोठ्याने “वाऽ!” म्हटलं आणि तो मोडला.

आमच्या घरच्या बायकांना यातलं काही शिकवावं लागत नाही. कानबाईच्या जागरणात एकीने ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची; कुणाचा आवाज बसला तर दुसरी तिची ओळ सहज पुढे नेते. मास्तर म्हणाले, त्यांना सरावाला बोलवा. बायका म्हणाल्या, रोट कोण करेल?

आता भांडण साउंडवाल्याशी आहे. मास्तर म्हणतात, माइक एकच, मधोमध, आणि एको पूर्ण बंद. साउंडवाल्याने दोनदा खात्री करून घेतली, मग विचारलं, “एको बंद, तर पैसे कशाचे घेऊ?” गार्डसाहेब त्याच्या बाजूने आहेत.