फिट टू रन

भुसावळात निवृत्त रेल्वेवाल्यांची शिरगणती करायला कुणी बसू नये, दर दोन घरांआड एक आप्पा निघतोच. कुणी सोसायटीच्या हिशोबात खोट काढतो, कुणी भाच्या-पुतण्यांची लग्नं जमवतो. अलीकडे मात्र त्यांच्यात एक नवा वाण दिसू लागलाय. तो पंचांग बघतो ते फक्त अमावस्या कधी आहे हे कळायला. त्याच्याकडे दुर्बीण असते.

दुर्बीण फंडाच्या पैशातून आलेली. सहा इंची आरसा, नळी छातीभर उंच. घरात आली तेव्हा काकूंना वाटलं, गिझर आणला. आप्पांची नोकरी गाड्या तपासण्यात गेली. हातात हातोडी घेऊन डब्याडब्याखाली वाकायचं, चाकावर टकटक करायची, आवाजावरून चाकाची तब्येत सांगायची. आप्पा 'फिट' म्हणत नाहीत तोवर गाडी यार्डातून हलायची नाही, मग कंट्रोलवाला फोनवर कितीही ओरडो. निवृत्तीनंतर गाड्या गेल्या, तपासणी तेवढी उरली. ती कुठंतरी खर्ची पडायला हवी होती. दुर्बिणीवर पडली.

आकाश रात्री बघायचं असतं, आप्पांची अमावस्या दुपारी चारला लागते. पहिलं काम म्हणजे गच्चीवर पाणी मारणं. खान्देशात उन्हाळ्यात सगळेच गच्ची भिजवतात, पण ती अंथरुणं टाकायला. आप्पा भिजवतात गुरूसाठी. तापलेल्या स्लॅबमधून रात्री उशिरापर्यंत गरम हवा वर येते आणि त्या हवेतून पाहिलं की गुरूचे पट्टे कढीसारखे उकळताना दिसतात. आरशाचंही तेच. पत्र्याच्या खोलीत भाजून निघालेला आरसा बाहेरच्या हवेइतका निवायला तास-दीड तास घेतो. म्हणून दुर्बीण आधी बाहेर, आप्पा तिच्याशेजारी खुर्चीत.

"काय आप्पा, आज काय दाखवता भो?" समोरच्या गच्चीवरून विचारणा होते.

"ते मग. आधी टेस्टिंग."

टेस्टिंगचा दुसरा अंक दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्राच्या चिमणीवर. मोठ्या दुर्बिणीच्या पाठीवर नेम धरायची छोटी दुर्बीण असते, दोघींची नजर एकाच ठिकाणी लागली पाहिजे. हे काम ताऱ्यावर करू जावं तर तो सरकत राहतो, चिमणी सरकत नाही. शिवाय औष्णिक केंद्र गावाच्या पूर्वेला, त्यामुळे संध्याकाळी सूर्य पाठीशी राहतो, चुकून नळीत शिरून डोळा जाळत नाही. दुर्बिणीत चिमणी उलटी दिसते आणि धूर खाली सांडताना दिसतो. रात्री हेच केंद्र दिव्यांच्या झगमगाटाने आप्पांचं पूर्वेचं आकाश पांढरं करून टाकतं, तेव्हा चिमणीकडून एवढं काम करून घेणं ही ते वसुलीच समजतात.

खरा सोहळा आरसे जुळवण्याचा. बाजारात त्यासाठी लेझरचं यंत्र मिळतं, आप्पांकडे फोटोच्या जुन्या रोलची काळी डबी आहे. बुडाला बरोबर मधोमध सुईनं पाडलेलं भोक. डबी नेत्रिकेच्या जागी बसवायची, भोकाला डोळा लावायचा आणि भोकाचं प्रतिबिंब मोठ्या आरशाच्या मध्यावर चिकटवलेल्या कागदी कड्याच्या बरोबर मधे येईस्तोवर मागचे तीन स्क्रू फिरवायचे. डोळा पुढच्या टोकाला, स्क्रू मागच्या टोकाला आणि मधे चार फूट नळी. म्हणून पुतण्या लागतो.

"डावीकडं. थोडं. अरे, माझ्या डावीकडं!"

"आप्पा, स्क्रू गोल आहे. त्याला तुमचं डावं कुठून आलं?"

यावर आप्पा हात हलवून शंटिंगच्या खुणा करू लागतात. पुतण्या संगणक शिकलेला, त्याला त्या समजत नाहीत. अर्ध्या तासाने प्रतिबिंब मधे येतं. आप्पा नळीवर बोटानं टकटक करतात. याची काही गरज नसते.

मग टॉर्च. अंधाराला सरावलेली नजर पांढऱ्या उजेडाने क्षणात जाते आणि परत यायला वीस-तीस मिनिटं लागतात, म्हणून टॉर्चवर लाल जिलेटिन कागद, वर रबरबँड. जन्मभर लाल दिवा दिसला की थांबलेला माणूस आता लाल दिवा दाखवत जिना चढतो. काकू म्हणतात, लोक काय म्हणतील. शेवटी ध्रुव. भुसावळचे अक्षांश २१, म्हणून ध्रुव क्षितिजापासून २१ अंशांच्या आसपास सापडायला हवा. सापडला की पृथ्वीही जागेवर असल्याची नोंद वहीत होते.

कुणी या सगळ्याला हसलं, तर आप्पा भास्कराचार्यांना पुढे करतात. भास्कराचार्य आपल्याच जिल्ह्याचे, यात त्यांना शंका नाही. चाळीसगावजवळ पाटणला त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याचा शिलालेख आहे ना! पण भास्कराचार्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी'त यंत्रांवर अख्खा अध्याय लिहून शेवटी धीयंत्र, म्हणजे बुद्धी, हेच सगळ्यांत थोर यंत्र ठरवलं, ही गोष्ट आप्पांना पटलेली नाही. त्याला स्क्रू नाहीत. तपासायचं कसं?

एवढं झाल्यावर प्रत्यक्ष आकाशदर्शन. शनीला ४८ पटींत धरतात, नेत्रिका बदलून १२० पटींवर नेतात, कड्याकडे अर्धा मिनिट बघतात आणि "ठीक आहे" म्हणून बाजूला होतात. शनी फिट. पुढचा.

आम्ही हसतो, पण थंडीत सातपुड्यात पालला जमतो तेव्हा चित्र पालटतं. बटण दाबलं की आपोआप तारा शोधणाऱ्या महागड्या दुर्बिणी असतात. एकीची बॅटरी चार्ज करायची राहिलेली असते, दुसरीची नेत्रिका जळगावला कपाटात असते. रात्री अकराला सगळी रांग आप्पांच्या नळीमागे. त्यांच्या झोळ्यात सेलसुद्धा जोडीने असतात. मला तरी या माणसाइतका भरवशाचा खगोलप्रेमी दुसरा ठाऊक नाही, भले त्याचं खगोलावर प्रेम जरा कमीच असेल.

तेव्हा तुमच्या आप्पांचं बोलावणं आलं तर जरूर जा. चारला नको, नऊला जा, आणि जेवून जा. आरशावर धूळ दिसली तरी खिशातून रुमाल काढू नका. थोड्या धुळीने चित्र बिघडत नाही, रुमालाने आरशावरच्या ॲल्युमिनियमच्या लेपाला ओरखडे पडतात.