मामींचे खून

मामींना रक्त बघवत नाही. विळीवर बोट कापलं तर त्या मान फिरवून मामांना हळद आणायला सांगतात. टीव्हीवर खऱ्याखुऱ्या खुनाची बातमी लागली की "बंद करा ते, घास उतरत नाही" म्हणतात. आणि याच मामी रोज दुपारी चारच्या चहाबरोबर एक खून घेतात. अट एवढीच, की खून नीटनेटका हवा. शक्यतो इंग्लंडातल्या खेड्यात, पाद्रीबुवांच्या घरात किंवा एखाद्या बड्या हवेलीत. मेलेला म्हातारा पैसेवाला आणि खडूस, मृत्युपत्र नुकतंच बदललेलं, घरात सात पाहुणे, बाहेर बर्फ, टेलिफोन बंद. एवढं जमून आलं की मामी पाय वर घेऊन बसतात, चष्मा पुसतात आणि म्हणतात, "हं. आता कसं!"

रहस्यकथांचं वेड असलेली माणसं आतून थोडी क्रूर असणार, असं न वाचणाऱ्यांना वाटतं. माझं निरीक्षण उलटं आहे. ही जमात अत्यंत पापभीरू असते. वीजबिल आलं त्याच दिवशी भरणारी, रिक्षावाल्याला सुट्टे पैसे मोजून देणारी. त्यांना खुनाचं आकर्षण नसतंच. त्यांना हिशोब लागायला हवा असतो. मामी तर ऑडिट खात्यातून निवृत्त झाल्या. ठाणे ते व्हीटी हा त्यांचा वाचनाचा तास. मुलुंडला प्रेत सापडायचं, कुर्ल्यापर्यंत सगळ्यांच्या जबान्या व्हायच्या आणि मशीद बंदर सोडता सोडता डिटेक्टिव्ह सगळ्यांना दिवाणखान्यात जमवायचा. शेवटची पन्नास पानं उरली असतील, तर मामी समोर आलेली फास्ट सोडून स्लो पकडत. लेट मार्क लागला तरी बेहत्तर, पण खुनी प्लॅटफॉर्मवर उभ्यानं पकडायचा नाही.

अगाथा ख्रिस्तीची '४.५० फ्रॉम पॅडिंग्टन' ही १९५७ची कादंबरी त्यांना म्हणूनच जवळची. एक बाई गाडीतून जाताना शेजारच्या रुळावरून चाललेल्या गाडीत एका माणसाला एका बाईचा गळा दाबताना बघते, आणि तिच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. "हे कळायला सेंट्रल लाइनवर प्रवास करावा लागतो," असं मामींचं मत. ती वाचल्यापासून स्लो गाडीतून जाताना शेजारच्या फास्टच्या खिडक्यांवर त्यांचं बारीक लक्ष असे. दिसायच्या त्या गवार मोडणाऱ्या बायका. "पण हात बघितलेस का त्यांचे?" मामी अजून म्हणतात. "काय आवळतात!"

ख्रिस्तीला त्या 'अगाथाबाई' म्हणतात, शेजारच्या बिल्डिंगमधल्या कुणाबद्दल बोलावं तसं. पुस्तक सुरू करताना शेजारी एक वही असते, तिच्यात उभे रकाने: नाव, नातं, खुनाच्या वेळी कुठे, सांगणारा कोण, खरं कशावरून. पाचवा रकाना रिकामा राहिला की मामी अस्वस्थ होतात. रोनाल्ड नॉक्स नावाच्या एका पाद्र्यानं १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम घालून दिले. जुळा भाऊ आयत्या वेळी काढायचा नाही, चोरवाट एकापेक्षा जास्त नको, कुणाला ठाऊक नसलेलं विष वापरायचं नाही, डिटेक्टिव्हला सापडलेला धागा वाचकाला लगेच दाखवायचा. मामींना हे दहाही नियम पाठ आहेत. "धर्माच्या दहा आज्ञा हातात असताना माणसानं आणखी दहा लिहिल्या, म्हणजे गरज असणारच ना?" शेरलॉक होम्स त्यांच्या मनातून उतरला तो याच नियमांपायी. "तो भिंग लावून सगळं स्वतः बघतो, खिशात घालतो, आणि शेवटी आपल्याला ऐकवतो. व्हाउचर दाखवायचं नाही आणि टोटल वाचून दाखवायची. आमच्याकडे मेमो मिळाला असता."

अगाथाबाईंवरही त्यांनी एकदा अबोला धरला होता. '१९२६चं ते पुस्तक' एवढंच त्या म्हणतात, नाव घेत नाहीत. जाणकारांना कळतं. शेवट वाचून मामींनी पुस्तक फ्रिजवर ठेवलं आणि कितीतरी दिवस तिकडे फिरकल्या नाहीत. मग वही घेऊन पहिल्या पानापासून पुन्हा बसल्या, एकेक नोंद तपासली आणि संध्याकाळी मला फोन केला. "सगळं जागच्या जागी आहे रे. बाईनं समोर ठेवलं होतं. मीच घाईनं पान उलटलं." स्वतःची चूक सापडल्याचा एवढा आनंद मी दुसऱ्या कुठल्याही ऑडिटरच्या आवाजात ऐकलेला नाही.

अगाथाबाईंचा डिटेक्टिव्ह पॉइरो त्यांना आवडतो, पण त्याच्या सर्व्हिस बुकात घोळ आहे. १९२०च्या पहिल्या कादंबरीत तो आला तोच बेल्जियमच्या पोलिसांतून निवृत्त होऊन, आणि 'कर्टन'मध्ये मेला १९७५ साली. न्यूयॉर्क टाइम्सनं त्या ऑगस्टमध्ये पहिल्या पानावर त्याच्या निधनाची बातमी दिली. "निवृत्तीनंतर निदान पंचावन्न वर्षं! याला पेन्शन देणाऱ्या सरकारची मला काळजी वाटते." दुसरी तक्रार शेवटच्या पानाविषयी. खुनी पकडला, सगळं जुळलं, आता थांबावं ना? नाही. बाईंना पुष्कळदा शेवटी एका तरुण जोडप्याचं लग्न जमवायचं असतं. "ऑडिट रिपोर्टच्या शेवटी कुणी अक्षता टाकतं का?"

मामांचा आणि या सगळ्याचा संबंध विषापुरता. पहिल्या महायुद्धात अगाथाबाई टॉर्कीच्या इस्पितळात औषधं द्यायचं काम करत होत्या, विषांची माहिती त्यांना तिथली. पहिल्याच कादंबरीतल्या स्ट्रिकनीनचं औषधशास्त्राच्या एका मासिकानं कौतुक केलं होतं. हे मामींनी एकदा जेवताना सांगितलं. स्ट्रिकनीन कुचल्याच्या बियांत असतं, म्हणजे आपल्या कोकणातल्या काजऱ्याच्या झाडाच्या, आणि ते अतिशय कडू असतं, हेही सांगितलं. ताटात कारल्याची भाजी होती. मामांनी तेव्हापासून कारलं सोडलं. ते पोस्टातून निवृत्त झालेले, अबोल गृहस्थ आहेत. सकाळी गॅलरीत बसून पेन्सिलीनं शब्दकोडं सोडवतात, शनिवारी मामींची पुस्तकं वाचनालयातून बदलून आणतात. रहस्यकथा ते वाचत नाहीत. फक्त शेवटचं पान बघतात, हसतात आणि पुस्तक मिटतात. घरातल्या भांडणात हे त्यांचं एकमेव शस्त्र. "सांगू का कोण ते?" एवढं म्हटलं की मामी गप्प बसतात. कधी कधी कांदाभजीसुद्धा होतात.

हल्ली लंडनला असलेली त्यांची मुलगी नव्या पद्धतीच्या हलक्याफुलक्या खूनकथा पाठवते. त्यांत रक्त नाही, शिवीगाळ नाही, मांजर मात्र असतं. अमेरिकन बाईंच्या एका मालिकेत कोको नावाचा सयामी बोका वाट्टेल तिथे पंजा मारतो आणि पत्रकार नायक त्यावरून खुनी ओळखतो. मामींना हे बिलकूल मान्य नाही. "बोक्याची साक्ष कोर्टात कोण लिहून घेणार?" दुसऱ्या एका मालिकेत मिनेसोटातली बेकरीवाली खून सोडवते आणि मध्ये मध्ये कुकीची कृती देते. "माणूस थंड पडलाय आणि हिला ओव्हन गरम करायचाय," म्हणून मामी चिडल्या. त्या कुकीज मात्र त्यांनी करून बघितल्या, कुकरची शिट्टी-रिंग काढून, तळाशी मीठ घालून. ठीक झाल्या होत्या. 'मर्डर, शी रोट' ही टीव्ही मालिका १९८४ ते १९९६ चालली. तिच्यातल्या कॅबट कोव्ह या चिमुकल्या गावात एवढी माणसं मरतात, तर तिथे घर कोण घेतं, हा त्यांना पडलेला प्रश्न मला रास्त वाटतो. रिचर्ड ऑस्मनचा २०२०चा 'द थर्सडे मर्डर क्लब' तेवढा पसंत पडला, कारण त्यातले चौघं म्हातारे जुन्या फाइली काढून बसतात. "आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात गुरुवारी फक्त गुडघे निघतात."

मुंबईतला डिटेक्टिव्ह म्हणून मी त्यांना एच. आर. एफ. कीटिंगचा इन्स्पेक्टर घोटे दिला. पहिलं पुस्तक 'द परफेक्ट मर्डर', १९६४. लिहिणाऱ्यानं तोवर मुंबई पाहिलेली नव्हती. मामींनी चौथ्याच पानावर पकडलं असतं, पण एका पात्राच्या नावावरच अडल्या: "वर्दे, आणि वर लाला? लाला वर्दे? हा कुठला?" तरी पुस्तक पूर्ण केलं. साहेबाला घाबरणारा, बायकोला वेळ न देऊ शकणारा, कागदाखाली दबलेला घोटे त्यांना खरा वाटला. मुंबई न बघता या माणसानं सरकारी कचेरी बरोबर पकडली, याचं त्यांना नवल वाटलं. मराठी रहस्यकथा लिहिणाऱ्या बाबुराव अर्नाळकरांबद्दल त्या वाईट बोलत नाहीत. त्यांचे झुंजार आणि काळापहाड मामींच्या वडिलांच्या गादीखाली असत, आणि वडिलांच्या गादीखालच्या वस्तूंचं ऑडिट होत नसतं.

या कथांवर एक आक्षेप नेहमीचा आहे आणि तो मीही घेतला होता: यात मेलेल्यासाठी कुणी रडत नाही, माणूस मेला की लगेच कोडं सुरू. मामी उठल्या आणि अगाथाबाईंची 'अ पॉकेट फुल ऑफ राय' घेऊन आल्या. १९५३ची. तिच्यात ग्लॅडिस नावाची मोलकरीण आहे, अनाथाश्रमातली, बावळट, अगाथाबाईंच्या म्हाताऱ्या डिटेक्टिव्हनं, मिस मार्पलनं, कामाला तयार केलेली. तिला गळा आवळून मारतात आणि वर तिच्या नाकाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावून ठेवतात. "श्रीमंत म्हातारा मेला तेव्हा मिस मार्पल आली नव्हती," मामी म्हणाल्या. "या चिमट्यासाठी आली. गाडीत बसून, कुणी बोलावलं नसताना. संतापून." मग त्या स्वतःच इतक्या संतापल्या, की चहा गार झाला. धुणं-भांडी करणाऱ्या मावशी तेव्हा गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. मामींनी त्यांना आत बोलावून आधी चहा दिला, आणि माझा आक्षेप तिथेच राहिला.

शेवट फोडणाऱ्याला मामींच्या घरी क्षमा नाही. मुलगी लंडनला अगाथाबाईंचं 'माउसट्रॅप' बघून ठाण्याला आली, तेव्हा तिला लंडनविषयीच बोलायची बंदी झाली. न जाणो, हवेबद्दल बोलता बोलता तोंडून काही निसटायचं. हे नाटक १९५२ पासून चालू आहे. मध्ये कोरोनानं बंद पाडलं तेवढंच. शेवट बाहेर सांगू नका, अशी विनंती प्रेक्षकांना रोज केली जाते. "बघ, तिथे लोक ऐकतात," मामी म्हणाल्या आणि ते नाटक बघायला जायचं म्हणून पासपोर्ट नवा करायला टाकला.

तर अशा बाईंच्या वाचनालयातल्या पुस्तकांवर गेल्या पावसाळ्यात कुणीतरी पेन्सिलीनं खुन्याचं नाव लिहायला सुरुवात केली. बरोबर सातव्या पानावर, वरच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात: 'खुनी – अमुक.' मामींनी पर्समध्ये खोडरबर ठेवलं. पहिलं नाव वाचून दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. पण पुस्तक संपलं तेव्हा नाव चुकीचं निघालं. दुसरं चुकीचं. तिसरंही. मामींना दया आली. बिचाऱ्याला बाईंनी दर वेळी बनवलं होतं! पुढे मात्र शंका आली, कारण मागच्या तारखेच्या चिठ्ठीवर पाहिलं, तर ती पुस्तकं तीन-तीन वर्षांत कुणी नेलेलीच नव्हती, आणि पेन्सिल ताजी होती. ग्रंथपालांवर संशय गेला. वहीत त्यांचा रकाना पडला.

त्याच सुमारास पासपोर्टच्या चौकशीला पोलिस स्टेशनचा हवालदार आला. चहा झाला. मामींनी संधी साधून विचारलं, की खुनाच्या तपासात तुम्ही आधी धागेदोरे बघता की जबान्या? हवालदारानं बिस्किट बुडवलं आणि म्हणाला, "कशाला काय बघायचंय, मॅडम. बाई मेली असेल तर आम्ही आधी नवऱ्यालाच बसवून घेतो. बहुतेक वेळा तोच असतो." मामींना हे फार लागलं. सात पाहुणे नाहीत, मृत्युपत्र नाही, आणि म्हणे नवरा! हवालदार गेल्यावर बराच वेळ त्या खुर्चीत बसून होत्या. मग त्यांनी वही उघडली, पेन्सिलीनं लिहिलेली ती सगळी नावं एकाखाली एक मांडली आणि प्रत्येक पुस्तकाचं फक्त शेवटचं पान वाचून काढलं.

रविवारी जेवणानंतर मला बोलावणं आलं. मामा गॅलरीत शब्दकोडं घेऊन बसले होते. मामींनी त्यांना आत बोलावलं, मावशींनाही बसवून घेतलं आणि उभ्या राहून निकाल वाचला. लिहिणाऱ्यानं नावं दिली ती सगळी नवरदेवांची. ज्याचं शेवटच्या पानावर लग्न जमतं, तो खुनी! म्हणजे या माणसानं पुस्तक वाचलेलं नाही, फक्त शेवटचं पान बघितलंय. पुस्तक वाचनालयातून निघून आपल्या हातात पडेपर्यंतच्या वेळात. वाटेतल्या बाकावर बसून. हातात पेन्सिल असताना.

मामांनी पेन्सिल कानामागून काढून टेबलावर ठेवली. मावशी पदर तोंडाला लावून हसत होत्या. शिक्षा जागेवरच झाली: खोडरबर घेऊन सगळी नावं त्यांनीच खोडायची आणि पुढच्या शनिवारी ग्रंथपालांची माफी मागायची. मामा निमूट खोडत बसले. तिसऱ्या पुस्तकाशी थांबले, शेवटचं पान पुन्हा पाहिलं आणि चष्म्यावरून मामींकडे बघत म्हणाले,

"अगं, पण हा नव्हता, तर मग मारलं कोणी?"

"पहिल्या पानापासून वाचा," मामी म्हणाल्या.