गुण कुणाचा?

खांदा आखडणे हा श्रेयवाटपाचा रोग आहे. चाळिशी ते साठीच्या दरम्यान तो गाठतो, बायकांना जरा जास्त, आणि मधुमेह असेल तर फारच लोचटपणे. जपानी लोक त्याला सरळ ‘पन्नाशीचा खांदा’ म्हणतात. आधी काही महिने झोप उडवणारी कळ, मग कळ ओसरून नुसता ताठा, मग हळूहळू सैलपणा; सगळा मुक्काम साधारण एक ते तीन वर्षांचा. बहुतेकांचा खांदा काही केलं, न केलं तरी बराचसा सुटतो. आता आपल्याकडचा क्रम पाहा. आधी बाम, मग गोळ्या, मग मशीनचा शेक, मग इंजेक्शन. आणि सगळ्यांनी हात वर केले (रुग्ण सोडून, त्याचा होतच नाही) की वैद्यांची पायरी. तोवर वर्ष उलटलेलं असतं आणि खांदा आपणहून सुटायच्या बेतात असतो. महानारायण तेलाची बाटली अर्धी होते, हात वेणीपर्यंत पोचतो, आणि ‘वैद्यांच्या हाताला गुण आहे’ ही बातमी सोसायटीभर होते. बामवाल्याने तेवढंच चोळलं होतं, पण तो बिचारा पहिल्या महिन्यात आला.

म्हणजे आयुर्वेदाचं काहीच नाही का? तसं म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं. खांद्यातला वायू शिरा आखडवतो आणि ‘अवबाहुक’ होतो, असं सुश्रुताने लिहून ठेवलं. ‘फ्रोझन शोल्डर’ हे नाव देणाऱ्या कॉडमन या अमेरिकन सर्जनने तर १९३४ साली कबूलच केलं की या दुखण्याची व्याख्या अवघड, उपचार अवघड आणि उलगडाही अवघड. वाग्भटाने नाकात औषधी तेलाचे थेंब आणि जेवणानंतर स्नेहपान सांगितलं. दुखतो खांदा आणि तेल नाकात, याचं हसू येणाऱ्यांनाही जेवणावरच्या तुपाबद्दल तक्रार नसते.

खरा आक्षेप असा की चोळलेलं तेल सांध्याच्या आवरणापर्यंत झिरपत नाही. मान्य. पण निर्गुंडी-एरंडाच्या पाल्याची पुरचुंडी कढईतल्या तेलात टेकवून, आधी स्वतःच्या मनगटावर अजमावून, मग खांद्यावर गोल फिरवली जाते तेव्हा जखडलेले स्नायू सैलावतात. आणि त्याच उबेत ‘आता हात वर करा’ म्हटलं की तो कालच्यापेक्षा दोन बोटं वर जातो. फिजिओथेरपिस्टला तरी दुसरं काय हवं असतं? मग गरम पाण्याची पिशवी काय वाईट? काहीच नाही. फक्त तिच्यापुढे रोज पाऊण तास कुणी निमूट बसत नाही. चौदा दिवसांचे पैसे आगाऊ भरले की बसतो. वाट पाहण्याच्या या दुखण्यात वाट पाहायची शिस्त लावणं हे औषधच. फक्त मधुमेह्याने पुरचुंडीआधी साखर तपासावी.

बाकी श्रेयाचं भांडण चालू द्यावं. वैद्य, तेलवाला आणि इंजेक्शनवाला आपापली बाजू मांडत असतात, तोवर घरातल्या बाईने वरच्या फळीवरचा हळदीचा डबा स्टूल न घेता उतरवलेला असतो.