जागा बघणारे

ओवे गावात कुणी बांधावर उभं राहून जमिनीकडे टक लावून बघायला लागलं, की पाच मिनिटांत त्याच्या शेजारी दुसरा माणूस येऊन उभा राहतो. तो नाव विचारत नाही, गाव विचारत नाही. "किती गुंठे बघताय?" एवढंच विचारतो. यात ओवेकरांचं काही चुकत नाही. १९७० साली सिडको आली, नवी मुंबईसाठी पंच्याण्णव गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं, त्यात ओवेही होतं. १९८४ साली जमिनीच्या आंदोलनात जासईला काय झालं, दि. बा. पाटील कसे लढले, साडेबारा टक्के विकसित जमीन कशी पदरात पडली, हे इथल्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ आहे. पुढे टॉवर उठले, १७ नोव्हेंबर २०२३ पासून पेठपाड्याला मेट्रो थांबायला लागली आणि जमिनीकडे बघणारा प्रत्येक माणूस एकतर गिऱ्हाईक नाहीतर एजंट, हे गावाने मनाशी पक्कं केलं.

अशा गावात आमचे शेजारी सायकल टेकवून उभे असतात. पन्नाशीला टेकलेले, कळंबोलीच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत हिशेब बघणारे, डोक्यावर हेल्मेट, पँट घोट्याशी रबराने बांधलेली. किती गुंठे या प्रश्नाला त्यांचं उत्तर ठरलेलं आहे.

"सात फूट बाय चार. एका रात्रीपुरती."

विचारणारा एक पाऊल मागे सरकतो. गावाने त्यांना 'जागावाले' असं नाव ठेवलं आहे, आणि गावातल्या खऱ्या जागावाल्यांना त्याचा राग येतो.

हा नमुना आमच्याकडेच आहे असं नाही. ठाण्यात, पुण्यात, नाशकात, जिथे म्हणून सायकलवाल्यांचा घोळका आहे तिथे असा एक असतोच. बाकीचे किलोमीटर मोजतात, हा सपाट जमीन मोजतो. सायकलच्या दांड्याला, सीटखाली, हँडलला पिशव्या आवळायच्या, तंबू-शिधा त्यातच कोंबायचा आणि वाट नेईल तिकडे जाऊन उघड्यावर मुक्काम करायचा, याला हल्ली बाइकपॅकिंग म्हणतात. आमच्या शेजाऱ्यांच्या हिशेबी त्यातली सायकल हा नाइलाज आहे. जागेपर्यंत पोचायला काहीतरी लागतं, म्हणून सायकल. सामानाचं वजन ते ओवे कॅम्पातल्या वाण्याच्या काट्यावर करतात. तंबू ठेवायचा, आकडा वहीत लिहायचा, दोरी ठेवायची, आकडा लिहायचा. वाण्याचा काटा फुकट वापरायचा नाही म्हणून शेवटी अर्धा किलो गूळ घ्यायचा, आणि तोही सामानात भरायचा.

जागेच्या अटी ऐकण्यासारख्या आहेत. जागा उंचावर हवी, पण वाऱ्याच्या तोंडावर नको. खोलगट तर मुळीच नको, कारण हिवाळ्यात रात्री थंड हवा उतारावरून घरंगळत खाली येऊन साचते आणि सकाळी तंबू आतून-बाहेरून दहिवराने चिंब. रस्त्यावरून जागा दिसता कामा नये, पण जागेवरून रस्ता दिसायला हवा. पाणी हाकेच्या अंतरावर असावं, मात्र हाक मारणारं कुणी नसावं. सूर्य उगवताना तोंडावर यावा, पण साडेसातच्या आत नको. या अटींवर ते इतके पक्के आहेत, की खारघरच्या सेंट्रल पार्कात नातवाला खेळवायला गेले तरी हिरवळीवर तळहात टेकवून म्हणतात, "निचरा वाईट नाही." लग्नाच्या हॉलमध्ये त्यांची नजर वधूवरांवर नसते, फरशीच्या उतारावर असते.

नवा तंबू आणला तेव्हा त्यांनी तो आधी आमच्या इमारतीच्या गच्चीवर लावून पाहिला. दोऱ्या पाण्याच्या टाकीच्या पाइपांना बांधल्या, आत शिरले आणि झोपले. पहाटे पंप चालू झाला, टाकी भरून वाहू लागली, आणि निचऱ्याची परीक्षा तिथल्या तिथे पार पडली. चौथ्या दिवशी नोटीस फलकावर कागद लागला : गच्ची ही सामाईक मालमत्ता असून सभासदांनी तिच्यावर तात्पुरते अथवा कायमस्वरूपी बांधकाम करू नये. दुसऱ्या कुणाला लाज वाटली असती. यांनी कागदाचा फोटो काढून ठेवला. आपल्या तंबूला कुणीतरी लेखी स्वरूपात बांधकाम म्हटलं, याचा त्यांना अजून अभिमान आहे.

त्यांचं खरं मन मात्र इंग्लंडात आहे. नैर्ऋत्येला डार्टमूर म्हणून एक उघडं, झाडं नसलेलं, वाऱ्या-धुक्याचं पठार आहे. त्याच्या सामाईक माळावर लोकांनी पाठीवर तंबू नेऊन रात्र काढायची जुनी वहिवाट. तिथल्या एका जमीनमालकाने १९८५ च्या डार्टमूर कायद्यात हा हक्क बसत नाही म्हणून दावा लावला. जानेवारी २०२३ मध्ये निकाल मालकाच्या बाजूने गेला, त्याच वर्षी जुलैमध्ये अपिलात उलटला, आणि २१ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने तंबूवाल्यांचा हक्क कायम केला. आमच्या शेजाऱ्यांनी हा खटला भाऊबंदकीतल्या वाटणीच्या दाव्यासारखा, तारखेला तारीख लावून पाहिला. निकालाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी इमारतीत पेढे वाटले. कशाचे पेढे, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. धाकट्या मुलाचं जमलं असणार असं समजून सगळ्यांनी त्याचं अभिनंदन केलं आणि तो बिचारा आठवडाभर हो-हो म्हणत फिरला.

डार्टमूरला ते कधी गेलेले नाहीत. स्कॉटलंडात तर २००३ च्या कायद्याने बऱ्याचशा मोकळ्या जमिनीवर असा मुक्काम करता येतो, हे सांगताना त्यांचा गळा दाटून येतो. आपल्याकडे तसा कायदा नाही. इथला माळ मोकळा दिसतो, पण तो खासगी असतो, नाहीतर गायरान, नाहीतर वनखात्याचा, नाहीतर देवस्थानचा. कर्नाळा अभयारण्य आहे, तिथे मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही. संरक्षित किल्ल्यावर रात्री थांबायला मनाई. कास तर २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत, तिथल्या फुलांवर तंबू पसरायचा विचारही कुणी करू नये. म्हणून मग नकाशे. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० च्या नकाशावर दोन समोच्च रेषांत वीस मीटर उंचीचं अंतर असतं. आमचे शेजारी रेषा विरळ दिसल्या की 'पठार!' म्हणून पेन्सिलीने गोल करतात. पण वीस मीटरच्या आत बरंच काही मावतं. एकदा खडीची खाण मावली होती. उपग्रहाच्या चित्रातला हिरवागार सपाट तुकडा जवळ गेल्यावर फार्महाऊसची हिरवळ निघतो, कुंपणासकट आणि कुत्र्यासकट. रायगड जिल्ह्यात हे फार होतं.

कोकणातल्या सड्यांवर तर निसर्गच विरोधात जातो. रत्नागिरी-राजापूरकडचा सडा म्हणजे मैलोन् मैल सपाट, वर आभाळ, अडसर कशाचाच नाही. बघताक्षणी वाटतं, हेच आपलं डार्टमूर. पण खाली जांभा. तंबूची खुंटी दगडाने ठोकली तर खुंटी वाकते, जोर लावून ठोकली तर दगड फुटतो. दोऱ्या मग दगडांनाच बांधाव्या लागतात. दगड उचलायचा तर त्याखाली फुरसं असण्याची शक्यता धरून चालायचं, कारण सड्यावर त्याचंच राज्य. आमचे शेजारी प्रत्येक दगड आधी काठीने उलटा करतात, मागे सरतात, थांबतात, मग बुटाने ढकलतात, आणि मगच हात लावतात. एका दोरीला एक दगड, तंबूला आठ दोऱ्या. दिवे लागायच्या वेळेला सुरुवात केली तर तंबू उभा राहीपर्यंत चांदणं पडतं. विंचवाचा विषय निघाला की ते महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं नाव कानाला हात लावून घेतात. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन चालतं हे त्या डॉक्टरांनी रायगडातल्याच रुग्णांवर उपचार करता करता जगाला दाखवलं, ही माहिती ते मुक्कामाला नव्या आलेल्या माणसाला बरोबर झोपायच्या वेळी देतात. एक मात्र मानलं पाहिजे : सड्यावर ते आधी झाडून पाहतात. उक्षीला कातळावर हत्ती कोरलेला आहे, बारसूला तर चित्रंच चित्रं. आपण जिथे पाठ टेकणार तिथे आपल्याआधी कुणी छिन्नी टेकलेली नाही ना, हे बघायला हवं, असं ते म्हणतात. त्या वेळी ते मला अगदी शहाणे वाटतात.

पावसाळ्यात ते डोंगरात मुक्कामाला थांबत नाहीत. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली. इर्शाळगडाच्या आसपासच्या वाटा त्यांच्या पायाखालच्या. डोंगराच्या पोटाशी पावसात मुक्काम नाही, हा नियम त्यांनी तेव्हापासून घालून घेतला आहे, आणि त्यावर कुणी गंमत केलेली त्यांना खपत नाही.

आता त्यांच्या दुर्गुणाबद्दल. जागा सापडली की ते सांगत नाहीत. फोटो दाखवतात, पण डोंगराची धार कापून. मागे चंदेरी आहे की पेब, की मलंगगडाचा सुळका, हे कळू नये एवढीच खटपट. पायाशी गवत, वर आकाश, मध्ये तंबू. हा फोटो खंडाळ्याचाही असू शकतो आणि मंगोलियाचाही. वहिनींनाही "डोंगरात आहे" एवढंच सांगतात. वहिनी हुशार. त्यांनी फोन कुठे आहे ते दाखवणारी सोय मुलाकडून चालू करून घेतली आहे, आणि यांच्या साऱ्या गुप्त जागा वहिनींना पाठ आहेत. त्यांनी मला त्यातल्या दोन सांगितल्याही. मी छापणार नाही. पवना धरणाच्या काठाचं काय झालं ते आपण पाहिलं आहे : एके काळी शांत असलेल्या पाण्याकाठी रांगेने तंबू, रांगेने कोळशाच्या शेगड्या आणि रात्री दोनपर्यंत स्पीकर. भंडारदऱ्याचे काजवे बघायला इतकी वाहनं गेली, की वनखात्याला बंधनं घालावी लागली. तेव्हा त्यांचा चोरटेपणा मला हास्यास्पद वाटतो, पण चुकीचा वाटत नाही.

एकदा मी त्यांच्याबरोबर गेलो. जानेवारी होता. ओव्याहून तळोज्यामार्गे नेऱ्याकडे, पुढे मालडुंग्याच्या बाजूला, देहरंग धरणाच्याही पलीकडे. प्रबळगड समोर उभा. दुपारी तीनपासून जागा बघणं सुरू झालं. पहिली जागा मला स्वर्ग वाटली. त्यांनी पाण्याची बाटली आडवी ठेवली, ती घरंगळली, जागा रद्द. दुसरीला वारा जास्त. तिसऱ्या जागेवर गुरांची वाट जात होती, आणि गाईला तंबूची दोरी चघळायला फार आवडते म्हणे. चौथ्या जागी त्यांनी वाकून माती हुंगली आणि नुसती मान हलवली. कारण सांगितलं नाही. सूर्य कलला. माझ्या पोटात कावळे ओरडत होते. पाचवी जागा अखेर पसंत पडली : करवंदीच्या जाळ्यांमधला सपाट तुकडा, बाटली जागची हलेना. त्यांनी पिशवीचा पट्टा सोडला, तेवढ्यात डोक्यावर मोळी घेतलेली एक ठाकर बाई वरच्या वाटेवर थांबली.

"हितं काय करता, भाऊ?"

"रात्रीपुरतं टेकावं म्हणतो, मावशी. चालेल ना?"

"हितं? हितं रातचं डुकरं येत्यात. वाटच हाय त्यांची. वर या, आमच्या खळ्यावर पडा. सारवलेलं हाय."

खळं पाहिलं आणि मी शेजाऱ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. बाटली ठेवली, हलली नाही. भाताची झोडणी उरकलेली, जमीन कोरडी आणि कडक. वारा हवा तेवढा, कारण उफणणीला वारा लागतो, म्हणून वाडीवाल्यांच्या पणजोबांनी खळं तिथेच केलं होतं. निचरा तर विचारूच नका. पाणी विहिरीवर. आणि तिथून खालची वाट दिसत होती. तीनपासून आम्ही जे शोधत होतो ते वाडीने कधीच शोधून, शेणाने सारवून ठेवलं होतं. सारवण फुटेल म्हणून खुंट्या ठोकल्या नाहीत. तंबू घडी करून उशाला घेतला. मावशीने नाचणीची भाकरी आणि वालाचं बिरडं दिलं. यांनी त्यांना अर्धा किलो गूळ दिला.

सकाळी त्यांच्या वहीत डोकावलो. 'निचरा उत्तम. दहिवर नाही. वराहमार्गापासून सुरक्षित अंतर. शोध : स्वतः.'

माणूस सज्जन आहे, वाटेत पंक्चर झालं तर स्वतः बसून काढून देतो, कचरा मागे ठेवत नाही आणि वाडीवर न विचारता पथारी टाकत नाही. येत्या हिवाळ्यात तुमच्यापैकी कुणाला त्यांनी बरोबर यायला सांगितलं तर जरूर जा. फक्त दुपारचं जेवण पोटभर उरकून निघा, कारण जागा पसंत पडेपर्यंत ते चूल पेटवू देत नाहीत.